उघड्यावरचा जाळ आणि नगरपरिषदेचा कायदा



वसंत व्याख्यानमालेत कोणी कालिदासावर बोलतो, कोणी ज्ञानेश्वरीवर, कोणी परदेशच्या राजकारणावर. अशा पंक्तीत मी कचऱ्याचा आणि तो जाळण्याचा विषय घेऊन उभा राहिलो, तेव्हा दोघा-चौघांच्या कपाळाला आठ्या पडल्याच असतील. त्याला माझा इलाज नाही. माझे उभे आयुष्य गिरण्या, जिनिंग आणि झाडूवाले यांच्यात गेले. शाळा लवकर सुटली आणि पुढचे जे काही वाचन झाले ते कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता, कायद्याची पुस्तके चाळता चाळता झाले. तेव्हा ज्या गोष्टीचा अर्थ लावावा लागला तीच तुमच्यापुढे ठेवणार.

प्रश्न साधा आहे. फाल्गुन लागला की तेल्हाऱ्यात काय, अकोटात काय, कडुलिंबाची पाने अंगणभर पडतात. सकाळी बाई अंगण झाडते, पाने कोपऱ्यात लोटते, त्यात घरातला चार दिवसांचा केर टाकते आणि काडी लावते. शेजारी खोकतो. त्याने तक्रार केली की उत्तर मिळते, “माझ्या दारापुढचा कचरा मी जाळला, तुमचं काय गेलं?” शेजाऱ्याचे काय गेले, आणि कायदा याबाबत काय म्हणतो, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की जाळण्याची ही रीत मूर्खपणातून निघालेली नाही. जुन्या वऱ्हाडी घरातला केर म्हणजे काय होता? चुलीची राख, शेण, भाजीचा पाला, फाटके पोते, मातीच्या मडक्याचे खापर. यातले बहुतेक उकिरड्यावर जाई आणि पावसाळ्याआधी गाडीने शेतात. जाळण्याजोगे उरे ते काटेकुटे आणि वाळला पाला. त्याचा धूर डोळ्यांना झोंबे, पण तेवढ्यावर भागे. आज त्याच ढिगात काय असते ते एकदा काडीने उकरून पाहा. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलच्या ताटल्या, औषधांची पाकिटे, लहान मुलांचे लंगोट, तुटक्या चपला. ढिगाचे नाव तेच राहिले, आतला माल मात्र पार बदलला. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्या व थर्माकोलच्या भांड्यांवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरी ढिगात त्या सापडतातच, हे मी सांगावे असे नाही.

आता धुराचे शास्त्र. कोणतीही वस्तू पुरती जळावयास दोन गोष्टी लागतात: भरपूर आच आणि भरपूर हवा. चांगल्या भट्टीत दोन्ही असतात. अंगणातल्या ढिगात एकही नसते. वरचा थर पेटतो, खालचा नुसता धुमसतो, आणि धुमसणे म्हणजे अर्धवट जळणे. अर्धवट जळालेल्या पाल्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो आणि काजळीचे अतिसूक्ष्म कण निघतात. यातले जे अडीच मायक्रॉनहून लहान असतात ते माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याइतके असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि काही तर रक्तात उतरतात. ढिगात पी.व्ही.सी. जातीचे प्लास्टिक असेल, म्हणजे विजेच्या तारेचे वेष्टन, जुना पाइप, रेग्झिन, तर त्यातला क्लोरीन सुटून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होते आणि डायॉक्सिन नावाची विषे तयार होतात. डायॉक्सिन चाऱ्यावर बसते, चारा गाय खाते, आणि ते तिच्या दुधाच्या स्निग्धांशात उतरते. म्हणजे शेजाऱ्याचे काय गेले याचे उत्तर नुसते खोकल्यावर संपत नाही. हिवाळ्याच्या पहाटे तर जमिनीलगतची हवा थंड व जड असते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. त्या वेळी केलेला धूर वर जात नाही, गल्लीतच फिरत राहतो. आणि केर जाळण्याची आपली आवडती वेळ नेमकी तीच!

मे महिन्यात गोष्ट वेगळी. आपल्या अकोला जिल्ह्यात पारा ४५ च्या पुढे जातो, वारा सुटतो, आणि घरालगत तुराट्यांचे कुड, कडब्याच्या गंजी, कापसाचे ढीग असतात. ठिणगीला येथे जागा शोधावी लागत नाही.

आता कायद्याकडे वळू. “कायदा” हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्याचे थर असतात व ते ओळखता आले पाहिजेत, नाहीतर कोणीही पट्टेवाला येऊन काहीही सांगेल. सर्वांत वर अधिनियम, जो संसद किंवा विधिमंडळ करते. त्याखाली नियम, जे त्या अधिनियमाच्या आधारे सरकार करते. त्याखाली उपविधी, जे नगरपरिषद आपल्या हद्दीपुरते करते. आणि सर्वांत खाली आदेश व नोटीस, जी मुख्याधिकारी काढतो. खालच्या थराला वरच्याच्या विरुद्ध जाता येत नाही.

वऱ्हाडातल्या नगरपालिका पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाड म्युनिसिपालिटी अधिनियम, १९२२ यावर चालत. वऱ्हाड १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले, त्यानंतर १९६५ मध्ये साऱ्या राज्यातल्या नगरपालिकांसाठी एकच अधिनियम झाला. तोच आज नगरपरिषदा, नगरपंचायती यांना लागू आहे. रस्ते साफ ठेवणे, केर उचलणे ही त्यात नगरपरिषदेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. मर्जी असेल तर करावी अशा सवडीच्या कामांत ती मोडत नाहीत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने घटनेला बारावी अनुसूची जोडली, तिच्यातही सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापन हा विषय नगरपालिकांकडे स्पष्ट नावानिशी दिला आहे.

जाळण्याबद्दलचा नियम अलीकडचा, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. केंद्र सरकारच्या २००० सालच्या नागरी घनकचरा नियमांतच कचरा व वाळली पाने जाळू नयेत असे लिहिलेले होते. त्यानंतर ८ एप्रिल २०१६ रोजी घनकचरा व्यवस्थापन नियम निघाले. त्यांनी दोन टोके बांधली. नागरिकाला सांगितले की आपला कचरा रस्त्यावर, आपल्या आवाराबाहेरच्या मोकळ्या सार्वजनिक जागेत, नालीत वा पाण्यात टाकू नये, जाळू नये, पुरू नये. बागेचा पालापाचोळा आवारातच वेगळा साठवावा व स्थानिक संस्था सांगेल त्याप्रमाणे त्याची वाट लावावी. आणि स्थानिक संस्थेला सांगितले की घरोघरून कचरा उचलावा, आणि एका वर्षात या नियमांना अनुसरून उपविधी करावेत. आता त्यांची जागा २०२६ च्या नियमांनी घेतली असून ते १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले आहेत. त्यांत घरातच कचऱ्याचे चार भाग करावयाचे आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, म्हणजे बल्ब, औषधे, रंगाचे डबे वगैरे.

दंडाचा आकडा कोठून आला तेही सांगतो. श्रीमती अलमित्रा पटेल यांनी कचऱ्याच्या प्रश्नावर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ती पुढे राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि २२ डिसेंबर २०१६ रोजी लवादाने निकाल दिला की उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर पूर्ण बंदी आहे, आणि त्यात कचरा डेपोवरील जाळही आला. साध्या जाळाला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई. याखेरीज १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हवा आरोग्याला अपायकारक करण्याबद्दल कलम २८० खाली १,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि आगीच्या बाबतीत जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा केल्यास कलम २८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. झाडाच्या बुंध्याशी पाला जाळणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनाच्या १९७५ च्या आपल्या राज्याच्या कायद्यात झाड जाळून इजा करणे हे झाड तोडण्यातच धरले आहे.

“मग आता चूलही पेटवायची नाही काय?” असे एका म्हाताऱ्या आजींनी मला विचारले होते. पेटवा, आजी. १९८१ चा हवा प्रदूषणाचा अधिनियम एखादी वस्तू जाळण्यास मनाई करण्याचा अधिकार राज्य सरकारला देतो, पण तेथे “इंधन नसलेली वस्तू” असे शब्द आहेत. चुलीतले लाकूड, बंबातल्या गोवऱ्या हे इंधन आहे. रात्रपाळीच्या चौकीदाराची लाकडाची शेकोटी कचरा जाळणे नव्हे; त्याच शेकोटीत त्याने टायरचा तुकडा टाकला की मात्र ती कचरा जाळणे झाली. होळीचे तसेच. कोणताही नियम होळी बंद करा म्हणत नाही. पोरांनी शेणाच्या चाकोल्या थापून, माळा करून आणाव्यात, लाकूड-गोवऱ्या घालाव्यात. हल्ली रात्री उशिरा त्याच होळीत जुन्या गाद्या, फायबरच्या खुर्च्या, पुठ्ठ्याची खोकी येऊन पडतात. घरातली अडगळ काढावयाची ही सोयीची रात्र, असा समज झाला आहे. तो होळीचा भाग नाही.

येथवर मी नागरिकाला सांगितले. आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला तो भाग.

रस्त्यावरचा कचरा सर्वांत जास्त कोण जाळतो? बारकाईने पाहिल्यास पुष्कळ गावी तो झाडणारा माणूसच जाळतो. का जाळतो? त्याला हौस नसते. त्याच्याकडे हातगाडी एक, आणि तिचे एक चाक वाकडे. उचलणारी गाडी दुपारी येणार किंवा येणारच नाही. जमादार नऊला फेरीवर येतो तेव्हा रस्ता स्वच्छ दिसला पाहिजे. अशा वेळी ढीग नाहीसा करण्याचे साधन म्हणजे आगपेटी. ती नगरपालिका देत नाही, तो स्वतःच्या पैशाने आणतो. धूर पहिल्यांदा जातो तोही त्याच्याच छातीत.

२०१६ च्या नियमांत यासाठी खास वाक्य होते. रस्ता झाडणाऱ्यांना गोळा केलेला पाला जाळू नये असे स्थानिक संस्थेने सांगावे, तो वेगळा साठवून उचलणाऱ्याच्या स्वाधीन करावयास लावावे. आणि त्याच नियमांत दुसरे वाक्य होते, जे फारसे कोणी वाचून दाखवत नाही: कचरा हाताळणाऱ्या सर्व कामगारांना गणवेश, चमकणारे जाकीट, हातमोजे, रेनकोट, पादत्राणे व मुखपट्टी पुरवावी. पहिल्या वाक्यासाठी कामगाराला मेमो मिळतो. दुसऱ्या वाक्यासाठी कोणाला मेमो मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

एका नगरपालिकेतली हकिगत सांगतो, गावाचे नाव घेत नाही. तेथे कंत्राटावर झाडकाम करणाऱ्या एका बाईने शाळेमागे पाला पेटवला. कोणी फोटो काढला, तो साहेबांपर्यंत गेला, आणि बाईचे तीन दिवसांचे पैसे कापले गेले. मी विचारायला गेलो. ती म्हणाली, “भाऊ, जमादारानंच सांगतलं, लाव काडी अन् हो मोकळी. आता तो म्हणते, म्या सांगतलंच नाही.” जमादाराकडे गेलो तर तो म्हणाला, “दादा, गाडी दोन दिवस बंद आहे, मी तरी काय करू?” आणि कंत्राटदार म्हणाला, गाडीच्या डिझेलचे बिल थकले आहे. चार माणसांची साखळी, आणि कापले गेले ते शेवटच्या कडीचे. कापलेले पैसे आम्ही परत मिळवले, पण त्याला दोन महिने आणि सात खेपा लागल्या. त्यातून आम्ही आमच्या झाडूवाल्या मंडळींत एक शिस्त ठरवली आहे. जाळण्याचा तोंडी हुकूम आला तर “लेखी द्या” म्हणावयाचे. आजवर कोणी लेखी दिलेला नाही. पाला पोत्यात भरून रस्त्याच्या कडेला ठेवावयाचा आणि गाडी आली नाही तर हजेरीच्या वहीत तशी नोंद मागावयाची.

हीच गोष्ट गरीब वस्तीची. पाच हजार रुपये म्हणजे कापूस वेचणाऱ्या बाईची साधारण पंधरवड्याची मजुरी. जेथे घंटागाडी रोज दारात येते तेथे कचरा जाळणाऱ्याला दंड करा, माझी हरकत नाही, मी स्वतः साक्ष देईन. पण ज्या गल्लीत गाडी वळतच नाही, तेथली बाई म्हणते, “गाडी येतेच कुठी? मंग कचरा का घरात पुजू?” तिला आधी पावती फाडणे हा न्याय नव्हे. नियमाचे दोन्ही भाग एकाच कागदावर आहेत. उचलण्याचा भाग न पाळता जाळल्याचा भाग वसूल करता येणार नाही, असे निदान माझे मत आहे.

“पैसा नाही” हे उत्तर येथे हमखास मिळते. त्यावर रतलामचा निकाल पाठ करून ठेवण्यासारखा आहे. मध्य प्रदेशातल्या रतलाम गावच्या एका वस्तीत उघड्या नाल्या, मद्यार्क कारखान्याचे दुर्गंधी पाणी आणि संडासांची सोय नसल्याने रस्त्यावरची घाण, असा प्रकार होता. रहिवासी दंडाधिकाऱ्याकडे गेले, त्यांनी नगरपालिकेला मुदत घालून कामे करण्याचा हुकूम दिला, आणि नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडत गेली की तिजोरीत पैसा नाही. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की कायद्याने लादलेले कर्तव्य टाळण्यास पैशाची अडचण ही सबब होत नाही. तो हुकूम ज्या कलमाखाली दिला गेला ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ झाले आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी त्याखाली आजही कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. कचरा डेपो महिनोन् महिने धुमसत असेल तर हे कलम त्यासाठीच आहे. मुंबईत देवनारचा डेपो २८ जानेवारी २०१६ ला पेटला आणि धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो काही कोणाच्या अंगणातला ढीग नव्हता.

अशी बंदी आपल्याकडेच आली असे नाही. मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाचा कायदा १९१२ सालचा, पण तो भट्ट्या व गिरण्यांच्या धुराड्यांसाठी होता. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे घरोघर परसात कचरा जाळण्याच्या लहान भट्ट्या होत्या, अशा लाखो. शहरावर धुरके साचू लागले, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी त्या बंद करावयाचे ठरवले. लोक चिडले, कारण प्रत्येकाला वाटे की दोष कारखान्यांचा, माझ्या भट्टीचा नव्हे. अखेर १ ऑक्टोबर १९५७ पासून परसातल्या भट्ट्या बंद झाल्या. पण हे होऊ शकले ते कचरा उचलून नेण्याची सोय उभी केल्यामुळे. सोय आणि बंदी यांची गाठ तेथेही होतीच.

भंगाराचा धंदा करणाऱ्या आमच्या भावांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. तांबे मिळावे म्हणून तारा जाळल्या जातात. वर सांगितलेले डायॉक्सिन सर्वांत अधिक जेथे तयार होते त्यांपैकी ही एक जागा, कारण तांबे त्या क्रियेला मदतच करते. सोलून काढलेल्या तांब्याला जळक्यापेक्षा भाव बरा मिळतो. तेव्हा सोलण्याचे साधे यंत्र चार-पाच जणांनी मिळून घेणे परवडते. आणि मोर्चेवाल्यांना, म्हणजे आम्हांला: रस्त्यात टायर जाळणे हाही उघड्यावरचा जाळच आहे. मागणी न्याय्य असेल तर ती काळ्या धुराशिवायही ऐकू जाते, आणि त्या धुरात सर्वांत पुढे उभा असतो तो आपलाच माणूस.

आता नागरिकाने करावयाचे काय? नगरपरिषदेच्या कचेरीत जाऊन आपल्या गावचे घनकचरा उपविधी मागा. मिळत नसतील तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. त्यात हे विचारा: उपविधी केव्हा मंजूर झाले, कोणत्या प्रभागात गाडी कोणत्या दिवशी जाते, जाळल्याबद्दल किती पावत्या फाडल्या व त्या कोणत्या प्रभागांत, आणि कामगारांना हातमोजे व मुखपट्ट्या केव्हा दिल्या. नवे उपविधी होताना मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. ती नोटीस कचेरीच्या फळ्यावर लागते आणि बहुधा कोणी वाचत नाही. वाचा आणि हरकत लेखी द्या. पालापाचोळ्यासाठी फाल्गुन-चैत्रात दोन महिने वेगळी फेरी ठेवावी, ही एक सूचना माझ्यातर्फे घाला.

राहिली पऱ्हाटी. आपल्या गावाची हद्द शेतांत शिरलेली आहे, आणि वेचणी संपली की बांधावर पऱ्हाटीचे ढीग पेटतात. त्यांचा धूर गावावर येतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात हाहाकार केला, तेव्हापासून शेतकऱ्याला सांगितले जाते की फरदड ठेवू नका, पऱ्हाटी उपटून नष्ट करा. ते बरोबरच आहे, कारण अळी वाळल्या बोंडांत दडून राहते. पण “नष्ट करा” याचा अर्थ आपण “जाळा” असा करून घेतला. यंत्राने बारीक तुकडे केले तरी अळीचा आसरा मोडतो. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीच्या भुशापासून फळ्या करण्याची रीत बसवली आहे, आणि कांड्या दाबून भट्टीसाठी पांढरा कोळसाही होतो.

खताची रीत तर याहून जुनी आणि आपल्या शेजारचीच. इंदूरला कापूस समितीच्या पैशाने चाललेल्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात हेच काम केले. पऱ्हाटी लाकडासारखी टणक, लवकर कुजत नाही. तेव्हा त्यांनी ती रस्त्यावर पसरून ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली तिचा चुरा करून घेतला. मग तो गोठ्यात जनावरांखाली अंथरावयाचा. मूत मुरलेला चुरा, शेण, गोमूत्राची माती आणि चुलीची राख यांचे थर रचावयाचे, ओल राखावयाची आणि ठरल्या मुदतीने ढीग उलटवावयाचा. सुमारे तीन महिन्यांत काळे खत हाती येते. आज बैलगाड्या कमी झाल्या, पण कुट्टी करणारी यंत्रे गावोगाव आली आहेत. अंगणातल्या कडुलिंबाच्या पाल्याला तर एवढाही खटाटोप नको: चार हात लांबीचा खड्डा, वर थोडे शेणकाल्याचे पाणी, आणि पुढच्या फाल्गुनापर्यंत त्याच्याकडे पाहावयाचेही काम नाही.